पिप सांगतो एक, प्रोग्राम सांगतो दुसरंच

वाचकांचे प्रश्न : संगणक

या वेळी इंदूरहून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रं एकाच अडचणीची आहेत : प्रोग्राम जी लायब्ररी (म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड) वापरतो तिचं नेमकं कोणतं व्हर्जन संगणकावर आहे, ते कसं कळावं? म्हणून हे सदर या अंकात तेवढ्याच विषयाला दिलं आहे. बरेचसे प्रश्न पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे आहेत; तिच्या लायब्ररी घालायचं-काढायचं साधन म्हणजे पिप. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत टाइप कराव्यात, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे लहान अक्षरांत. टिंब, डॅश, अवतरणचिन्हं आहेत तशीच ठेवा. शब्दाच्या मागेपुढे __ दिसलं तर ते दोन अंडरस्कोर आहेत, एक नाही.

प्रश्न : मी बी.टेक.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा कोड ज्युपिटर नोटबुकमध्ये चालवला की ‘एनपी.फ्लोट_ हे नमपाय २.० मध्ये काढून टाकलं आहे’ अशा अर्थाची एरर येते (नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी, कोडमध्ये तिचं छोटं नाव एनपी). पण टर्मिनलमध्ये ‘पिप शो नमपाय’ दिलं तर व्हर्जन १.२६.४ दिसतं! दोनदा अनइन्स्टॉल करून पुन्हा घातलं, काही फरक नाही. खरं कुणाचं मानायचं?
— एक विद्यार्थिनी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : दोन्ही खरं आहे. तुमच्या संगणकावर पायथन एक नाही, किमान दोन आहेत. टर्मिनलमधला पिप एका पायथनचा आहे आणि नोटबुक दुसऱ्या पायथनवर चालतं आहे. लायब्ररी ‘संगणकात’ घातली असं आपण म्हणतो, पण खरं तर ती एका विशिष्ट पायथनच्या ‘साइट-पॅकेजेस’ नावाच्या फोल्डरमध्ये जाते आणि दुसऱ्या पायथनला तिचा पत्ताही नसतो. तुम्ही दोनदा काढून घातलेलं नमपाय पहिल्याच्या घरात गेलं. एरर देणारा दुसरा तसाच राहिला.

शोध नेहमी जिथे एरर येते तिथूनच सुरू करावा. नोटबुकमध्ये नवा सेल घेऊन या चार ओळी चालवा :

इम्पोर्ट सिस, नमपाय
प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल)
प्रिंट(नमपाय.__व्हर्जन__)
प्रिंट(नमपाय.__फाइल__)

दुसरी ओळ नोटबुकमागच्या पायथनचा पूर्ण पत्ता छापते. तिसरी ओळ या क्षणी मेमरीत असलेल्या नमपायचं व्हर्जन सांगते. चौथी ते कोणत्या फोल्डरमधून उचललं ते दाखवते. आता टर्मिनलमध्ये ‘पिप --व्हर्जन’ द्या. पिप स्वतःच्या क्रमांकाबरोबर आपलं फोल्डर आणि शेवटी कंसात आपल्या पायथनचा क्रमांकही छापतो. हे फोल्डर आणि नोटबुकमधलं फोल्डर वेगळं निघालं की कोडं सुटलं.

विंडोजवर एकूण किती पायथन आहेत हे ‘पाय -०पी’ या कमांडने पत्त्यांसकट कळतं. ‘व्हेअर पायथन’ही चालतं, पण ते जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये. पॉवरशेलमध्ये ‘व्हेअर.ईएक्सई पायथन’ असं पूर्ण लिहावं लागतं. नुसत्या ‘व्हेअर’चा तिथे वेगळा अर्थ आहे, त्यामुळे काहीच छापून येत नाही आणि पायथन नाहीच असा गैरसमज होतो. लिनक्सवर ‘व्हिच -ए पायथन३’ द्या.

आता एक सवय लावून घ्या. नुसतं ‘पिप’ लिहायचं नाही, ‘पायथन -एम पिप’ लिहायचं. म्हणजे ‘पायथन -एम पिप शो नमपाय’. असं लिहिलं की ज्या पायथनचं नाव घेतलं त्याचाच पिप चालतो. सिस.एक्झिक्युटेबलने दिलेला पूर्ण पत्ता ‘पायथन’च्या जागी लिहिला तर नोटबुकच्या पायथनला टर्मिनलमधूनही विचारता येतं. नोटबुकच्या आत ‘%पिप शो नमपाय’ द्या. बऱ्याच धड्यांत % ऐवजी उद्गारचिन्ह असतं. ते काम शेलकडे, म्हणजे टर्मिनलच्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, सोपवतं आणि शेलला जो पिप आधी सापडेल तो धावतो. तुमच्यासारखी पत्रं येण्याचं हेच सगळ्यांत मोठं कारण.

नवं व्हर्जन घातल्यावर कर्नल, म्हणजे नोटबुकमागे चालू असलेला पायथन, रीस्टार्ट करायलाच हवा. पिप डिस्कवरच्या फाइली बदलतो, पण एकदा इम्पोर्ट झालेली लायब्ररी मेमरीत तशीच बसून राहते. पुन्हा इम्पोर्टची ओळ चालवली तरी पायथन मेमरीतलीच परत देतो. हे ओळखायची एक खूण आहे : नमपाय.__व्हर्जन__ मेमरीतलं सांगतं, तर ‘इम्पोर्टलिब.मेटाडेटा’मधलं व्हर्जन("नमपाय") डिस्कवरचं वाचतं. दोघांचे आकडे वेगळे आले, तर रीस्टार्ट राहिला आहे असं बहुतेक वेळा धरून चाला.

आता मूळ एरर. एनपी.फ्लोट_ हे फ्लोट६४चंच दुसरं नाव होतं. जून २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० मध्ये ते काढलं. त्याजागी एनपी.फ्लोट६४ लिहिलं तर उत्तरांत काडीचाही फरक पडणार नाही, आणि आमच्या मते हाच योग्य उपाय. कोड दुसऱ्याचा असेल आणि हात लावायचा नसेल, तर जुनं व्हर्जन घाला : %पिप इन्स्टॉल "नमपाय<२". ही अवतरणचिन्हं विसरू नका. टर्मिनलमध्ये ती नसली की शेल < या चिन्हाचा अर्थ ‘फाइलमधून वाच’ असा घेतो. >= लिहिताना तर जास्त घोळ होतो : अवतरणाशिवाय ‘नमपाय>=१.२०’ दिलं तर एरर येतच नाही, अट गळून पडते, आणि ‘=१.२०’ नावाची एक फाइल फोल्डरमध्ये तयार होते. अशी फाइल दिसली तर तिचं कारण हे.

आणखी एक अडथळा येऊ शकतो. नमपाय १.२६ ची तयार बांधलेली पॅकेजं पायथन ३.१२ पर्यंतच आहेत. नोटबुकमागे ३.१३ असेल तर पिप ते सोर्सपासून बांधायला बसेल आणि सी कंपायलर नसल्यामुळे पानभर एरर ओतेल. ती नमपायची चूक नाही. अशा वेळी पायथन ३.१२ वर वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे स्वतःच्या लायब्ररी अलग ठेवणारं पायथनचं फोल्डर, बनवा :

पायथन -एम व्हीएन्व्ह .व्हीएन्व्ह

विंडोजवर .व्हीएन्व्ह\स्क्रिप्ट्स\अ‍ॅक्टिव्हेट आणि लिनक्सवर ‘सोर्स .व्हीएन्व्ह/बिन/अ‍ॅक्टिव्हेट’ देऊन ते चालू करा. त्यात आयपायकर्नल इन्स्टॉल करा आणि ‘पायथन -एम आयपायकर्नल इन्स्टॉल --यूजर --नेम प्रोजेक्ट’ द्या. मग नोटबुकच्या कर्नल मेनूत ‘प्रोजेक्ट’ दिसेल, ते निवडा. निवडायला विसरलात तर पुन्हा पहिल्यासारखंच. म्हणून निवडल्यावर वरच्या चार ओळी परत एकदा चालवून बघा.

प्रश्न : इम्पोर्ट सीव्ही२ व्यवस्थित चालतं, पण ‘पिप शो सीव्ही२’ म्हटलं की असं पॅकेज नाही असा इशारा येतो. असं कसं?
— एक वाचक, भंवरकुआ

उत्तर : कोडमध्ये इम्पोर्ट करायचं नाव आणि पिपकडे मागायचं नाव एकच असलं पाहिजे असा नियम नाही. सीव्ही२ येतं ‘ओपनसीव्ही-पायथन’ या पॅकेजमधून. एसकेलर्न म्हणजे ‘सायकिट-लर्न’, बीएस४ म्हणजे ‘ब्यूटिफुलसूप४’, याम्ल म्हणजे ‘पायाम्ल’, आणि पीआयएल म्हणजे ‘पिलो’. पायथन ३.१० पासून इम्पोर्टलिब.मेटाडेटामध्ये पॅकेजेस_डिस्ट्रिब्यूशन्स() हे फंक्शन आहे. ते कोणतं इम्पोर्ट-नाव कोणत्या पॅकेजचं याची पूर्ण यादी देतं.

ओपनसीव्हीच्या बाबतीत ‘पिप लिस्ट’ देऊन अजून एक पाहा. ओपनसीव्ही-पायथन, ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस आणि ओपनसीव्ही-कॉन्ट्रिब-पायथन ही वेगळी पॅकेजं एकाच सीव्ही२ फोल्डरमध्ये फाइली टाकतात. दोन एकदम असली तर एक दुसऱ्यावर लिहिलं जातं आणि पिप दाखवतो ते व्हर्जन प्रत्यक्षात चालतंच असं नाही. सगळी काढा, हवं ते एकच घाला.

प्रश्न : __व्हर्जन__ विचारलं की ‘या मॉड्यूलला असं काही नाही’ असं उत्तर येतं. तीन दिवसांपासून करून राहिलो आहे, काही समजत नाही.
— एक वाचक, सुदामानगर

उत्तर : आधी त्याच मॉड्यूलचं __फाइल__ छापा. पत्ता तुमच्या स्वतःच्या कामाच्या फोल्डरचा निघाला, तर तुम्ही शिकताना केलेल्या एखाद्या फाइलला लायब्ररीचंच नाव दिलं आहे. पायथन स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये आधी शोधतो, तिथे पांडाज.पीवाय सापडली की खऱ्या पांडाजपर्यंत पोचतच नाही. फाइलचं नाव बदला.

पत्ता साइट-पॅकेजेसचा असेल तर त्या लायब्ररीने __व्हर्जन__ ठेवलेलंच नसेल. ते ठेवणं ही प्रथा आहे, सक्ती नाही. फ्लास्कने तर ३.० पासून ते वापरू नका असंच सांगायला सुरुवात केली. अशा ठिकाणी ‘फ्रॉम इम्पोर्टलिब.मेटाडेटा इम्पोर्ट व्हर्जन’ आणि मग व्हर्जन("फ्लास्क"). पायथन ३.८ पासून हे बरोबरच येतं, वेगळं काही घालावं लागत नाही. इथे पॅकेजचं पिपवालं नाव द्यायचं आहे, इम्पोर्टचं नाही.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या निमंत्रणपत्रिका आम्ही पायथनच्या पिलो लायब्ररीने बनवतो. यादीतली नावं प्रोग्राम एकेक पत्रिकेवर छापतो. घरच्या उबुंटूवर सगळं सुबक येतं, पण मंडळाच्या विंडोज संगणकावर ‘सार्वजनिक’मधला रफार सुटतो, वेलांटी ‘न’च्या पुढे जाते, ‘गणेशोत्सव’मध्ये पाय मोडलेला त वेगळा दिसतो. दोन्हीकडे पिलोचं व्हर्जन अगदी एकच आहे, फॉन्टची फाइलही तीच नेली. मग फरक कुठे?
— एक कार्यकर्ता, इंदूर

उत्तर : तुम्ही व्हर्जन तपासलंत ते बरोबरच केलंत, पण इथे एक पायरी खाली उतरावं लागेल. देवनागरी जुळवण्याचं काम पिलो स्वतः करत नाही. फॉन्टमधून अक्षरांचे आकार काढून देते फ्रीटाइप. रफार कुठे चढायचा, वेलांटी कुणाच्या आधी बसायची, कोणत्या दोन अक्षरांचं जोडाक्षर व्हायचं हे ठरवते हार्फबझ. पिलो या हार्फबझपर्यंत पोचतो तो रक्म नावाच्या छोट्या लायब्ररीमार्फत. तिचं स्पेलिंग आर, ए, क्यू, एम. आणि रक्मला चालायला फ्रीबिडी ही चौथी लायब्ररी लागते. फ्रीबिडी खरं तर उर्दू-अरबीसारख्या उजवीकडून लिहायच्या लिपींसाठी आहे, पण ती नसली की रक्मच उभी राहत नाही आणि देवनागरीही मोडते.

ही साखळी कुठेही तुटली की पिलो तक्रार न करता साध्या मांडणीवर उतरतो. ज्या क्रमाने अक्षरं टाइप केली त्याच क्रमाने त्यांचे आकार एकापुढे एक ठेवत जातो. ‘नि’ लिहिताना युनिकोडमध्ये आधी न आणि मग वेलांटी साठवलेली असते, म्हणून वेलांटी न नंतर छापली जाते. एरर येत नाही हीच यातली वाईट गोष्ट. मराठी न वाचणाऱ्या माणसाला तर पत्रिका ठीकच वाटेल.

दोन्ही संगणकांवर हे चालवा (पीआयएल ही तीन अक्षरं मोठ्या लिपीत) :

पायथन -एम पीआयएल

पिलो स्वतःचं व्हर्जन, पायथनचा पत्ता आणि मग खालच्या एकेका लायब्ररीपुढे ती आहे की नाही आणि असल्यास कितवी, असा अहवाल छापतो. त्यात रक्मची ओळ शोधा. प्रोग्राममध्येच तपासायचं तर ‘फ्रॉम पीआयएल इम्पोर्ट फीचर्स’ आणि फीचर्स.चेक("रक्म"). उत्तर ट्रू आलं पाहिजे. आमचा आग्रह असा, की ही ओळ प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला ठेवा आणि फॉल्स आलं तर प्रोग्राम तिथेच थांबवा. चारशे पत्रिका छापून झाल्यावर रफार सुटलेला दिसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

विंडोजवर बहुधा फ्रीबिडीच नसेल. पिलोच्या विंडोज पॅकेजमध्ये रक्म आणि हार्फबझ बरोबर येतात, फ्रीबिडी मात्र वेगळी ठेवावी लागते आणि पिलो ती चालू होताना शोधतो. फ्रीबिडी.डीएलएल ही फाइल पायथन.ईएक्सई शेजारी ठेवा. पायथन ६४ बिटचा असेल तर फाइलही ६४ बिटचीच हवी, नाहीतर ती तिथे असूनही नसल्यासारखीच. कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावरून डीएलएल उतरवू नका. खात्रीची मिळत नसेल तर पत्रिका घरच्या उबुंटूवर बनवून पीडीएफ मंडळात न्या. उबुंटूवर हेच पॅकेज ‘लिबफ्रीबिडी०’ नावाने असतं आणि बहुतेक वेळा आधीपासून असतंच.

रक्म चालू झाली की आणखी एक फायदा घ्या. मजकूर छापणाऱ्या ड्रॉ.टेक्स्ट या फंक्शनला लँग्वेज="एमआर" असं द्या. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श भरलेले असतात, तो मग हिंदी वळणाऐवजी तेच काढतो. भोवतालच्या सगळ्या पाट्या हिंदी वळणाच्या असताना मंडळाच्या पत्रिकेवर तरी आपला ल आपल्यासारखा दिसावा. रक्म नसताना हा लँग्वेज दिला तर पिलो स्पष्ट एरर देतो, म्हणजे तीही एक तपासणीच झाली.

पत्रिकेचा कोड जुन्या धड्यावरून घेतला असेल तर एक सावधगिरी : ड्रॉ.टेक्स्टसाइझ हे फंक्शन पिलो १०.० मध्ये, म्हणजे २०२३ साली काढून टाकलं. मजकूर मधोमध आणण्यासाठी आता टेक्स्टबीबॉक्स वापरायचं. ते डावी, वरची, उजवी, खालची अशा चार कडा देतं. रुंदी हवी तर उजवीतून डावी वजा करा.

प्रश्न : प्रोग्रामने चालू होताना लायब्ररी पुरेशी नवी आहे का ते तपासावं, म्हणून मी व्हर्जनची तुलना > चिन्हाने केली. १.९ पर्यंत ठीक होतं, १.१० आल्यावर ‘जुनी आहे’ म्हणून प्रोग्राम बंद पडला.
— एक वाचक, विजयनगर

उत्तर : व्हर्जन हा आकडा नाही, टिंबांनी जोडलेल्या आकड्यांची माळ आहे. तुम्ही ती अक्षरमाळ म्हणून ताडून पाहिलीत. शब्दकोशात असते तशी एकेका चिन्हाची तुलना झाली, टिंबानंतर १ आणि ९ समोरासमोर आले, १ लहान ठरला. दशांश अपूर्णांक म्हणून पाहिलं तरी घोटाळाच : १.१० म्हणजे १.१ होऊन बसतं. याम्ल फाइलमध्ये पायथनचं व्हर्जन अवतरणाशिवाय ३.१० लिहिलं तर ते ३.१ वाचलं जातं, तेही याचमुळे.

‘पॅकेजिंग’ नावाची लायब्ररी घाला, ‘फ्रॉम पॅकेजिंग.व्हर्जन इम्पोर्ट व्हर्जन’ लिहा (इम्पोर्टनंतरच्या व्हर्जनचं पहिलं अक्षर मोठं) आणि व्हर्जन("१.१०") > व्हर्जन("१.९") अशी तुलना करा. २.०.०आरसी१ ही चाचणी आवृत्ती २.०.० च्या आधीची आहे, हेही तिला कळतं. टिंबांवर तोडून स्वतः तुलना करणारे लोक नेमके इथे अडकतात, कारण ‘०आरसी१’चा पूर्णांक होत नाही.

प्रश्न : ‘एनपीएम व्ह्यू रिअ‍ॅक्ट व्हर्जन’ने आलेला आकडा मी कंपनीत कळवला. नंतर प्रोजेक्टमध्ये वेगळंच व्हर्जन निघालं.
— एक वाचक, पलासिया

उत्तर : ही कमांड एनपीएमची, म्हणजे जावास्क्रिप्टच्या लायब्ररी घालणाऱ्या साधनाची आहे, पण ती तुमच्या संगणकाला काहीच विचारत नाही. ती एनपीएमच्या भांडारात आजचं नवीन व्हर्जन कोणतं आहे ते सांगते. तुमच्याकडचं पाहायला प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘एनपीएम एलएस रिअ‍ॅक्ट’ द्या. एकाच प्रोजेक्टमध्ये दोन रिअ‍ॅक्ट आली असतील तर तीही कुणामुळे आली ते झाडासारखं दिसतं. ‘एनपीएम आउटडेटेड’मधले तीन रकाने पाहा : आत्ता काय आहे, तुमच्या अटीत कुठवर जाता येईल, आणि सगळ्यांत नवं काय.

पॅकेज.जेसन वाचूनही व्हर्जन सांगू नका. तिथे ^१८.२.० असेल तर ती अट आहे : १८.२.० किंवा पुढचं, पण १९ च्या आतलं. प्रत्यक्षात काय ठरलं ते पॅकेज-लॉक.जेसनमध्ये असतं. दुसऱ्या संगणकावर तेच हवं असेल तर ‘एनपीएम सीआय’ वापरा. ती लॉक फाइलप्रमाणेच घालते आणि लॉक व पॅकेज.जेसन जुळत नसतील तर थांबते.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या सर्व्हरवर उबुंटू २२.०४ आहे. तपासणीच्या अहवालात ‘ओपनएसएसएल ३.०.२ जुनं आहे, ३.०.७ किंवा पुढचं घाला’ असा शेरा आला (ओपनएसएसएल ही नेटवरची देवाणघेवाण सुरक्षित करणारी लायब्ररी). पण एपीटी (उबुंटूवर पॅकेजं घालणारी कमांड) म्हणतं सगळं ताजं आहे. सोर्सवरून नवं बांधून घालू का?
— संस्थेचा एक संगणक-व्यवस्थापक, इंदूर

उत्तर : नका घालू. उबुंटू आणि डेबियन एखाद्या लायब्ररीचा मूळ क्रमांक एका प्रकाशनात साधारणपणे गोठवून ठेवतात आणि सुरक्षेची दुरुस्ती तेवढी मागे आणून त्या जुन्या क्रमांकात बसवतात. म्हणून ‘ओपनएसएसएल व्हर्जन’ ३.०.२ आणि मार्च २०२२ ची तारीखच दाखवत राहील, आत दुरुस्ती झालेली असली तरी. नुसता हा क्रमांक वाचून शेरा मारणारं तपासणीचं साधन इथे चुकतं.

खरा क्रमांक ‘डीपीकेजी -एल लिबएसएसएल३’ने दिसतो. ३.०.२ नंतर डॅश, उबुंटू आणि आणखी आकडे असतात. दुरुस्तीबरोबर हेच शेवटचे आकडे वाढतात. मग ‘एपीटी चेंजलॉग लिबएसएसएल३’ द्या. ३.०.७ चा आग्रह ज्यामुळे आहे तो दोष सीव्हीई-२०२२-३६०२ (सीव्हीई म्हणजे सुरक्षादोषांच्या जाहीर यादीतला क्रमांक), तो ३.०.० ते ३.०.६ मध्ये होता आणि १ नोव्हेंबर २०२२ ला दुरुस्त झाला. चेंजलॉगमध्ये हा सीव्हीई क्रमांक शोधा आणि पॅकेजचा पूर्ण क्रमांक व ती नोंद अहवालाच्या उत्तराला जोडा. सोर्सवरून घातलंत तर दोन ओपनएसएसएल होतील, त्यातल्या तुमच्या हातच्या प्रतीला एपीटी पुढे कधीच हात लावणार नाही, आणि एका वर्षात तीच खरोखर जुनी होईल.

मात्र एवढ्यावर थांबू नका. दुरुस्त पॅकेज डिस्कवर आलं तरी आधीपासून चालू असलेला वेब सर्व्हर मेमरीतली जुनी लायब्ररीच वापरतो. ‘सुडो एलसॉफ’च्या यादीत लिबएसएसएल शोधा, ओळीत डीईएल ही खूण दिसली तर त्या प्रोसेसच्या हातात पुसलेली फाइल आहे, ती सेवा रीस्टार्ट करा. ‘नीडरीस्टार्ट’ ही कमांड हेच काम सोपं करून देते. आणि सर्व्हरवर नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) चालत असेल तर त्याला वेगळं विचारा : ‘नोड -पी प्रोसेस.व्हर्जन्स.ओपनएसएसएल’. अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेल्या नोडच्या आत त्याचं स्वतःचं ओपनएसएसएल असतं, एपीटीच्या दुरुस्तीचा त्याला उपयोग नाही. पायथनसाठी एसएसएल मॉड्यूलमधलं ओपनएसएसएल_व्हर्जन छापा, सगळी अक्षरं मोठ्या लिपीत.

प्रश्न : ग्रंथालयाच्या देवघेवीचा प्रोग्राम पायथन आणि एस्क्यूलाइट या डेटाबेसवर आहे. प्रत्येक सभासदाची शेवटची तीन पुस्तकं काढायला रो_नंबर() ओव्हर (…) वापरलं, तर ‘कंसाजवळ सिंटॅक्स एरर’ असं येतं. एस्क्यूलाइट३.व्हर्जन छापलं तर २.६.०. इतकं जुनं कसं असेल?
— एका ग्रंथालयाचे स्वयंसेवक, इंदूर

उत्तर : २.६.० हा एस्क्यूलाइटचा क्रमांक नाहीच. तो पायथनमधल्या जोडणाऱ्या मॉड्यूलचा आहे आणि वर्षानुवर्षं बदललेला नाही. इतक्या लोकांची त्याने दिशाभूल केली, की पायथन ३.१२ मध्ये तो वापरू नका असं जाहीर झालं आणि ३.१४ मध्ये काढूनच टाकला. विचारायचं ते एस्क्यूलाइट३.एस्क्यूलाइट_व्हर्जन, किंवा थेट डेटाबेसला ‘सिलेक्ट एस्क्यूलाइट_व्हर्जन()’.

ओव्हरसारखी विंडो फंक्शन्स एस्क्यूलाइट ३.२५ मध्ये, सप्टेंबर २०१८ ला आली. त्याआधीच्या व्हर्जनला ‘ओव्हर’ हे रकान्याचं टोपणनाव वाटतं, म्हणून ते त्यापुढच्या कंसावर अडखळतं. तुमची एरर अगदी हीच आहे. उबुंटू १८.०४ वर एस्क्यूलाइट ३.२२ आहे, २०.०४ वर ३.३१. उबुंटूचा पायथन प्रणालीचीच एस्क्यूलाइट वापरतो, त्यामुळे पिपने काही घालून ती बदलणार नाही; उबुंटूच नवं करावं लागेल. विंडोजवर मात्र पायथनच्या इन्स्टॉलरबरोबर त्याची स्वतःची एस्क्यूलाइट३.डीएलएल येते, नवा पायथन घातला की तीही नवी. उबुंटू बदलेपर्यंत ओव्हर काढून टाका : प्रत्येक पुस्तकासाठी त्याच सभासदाने नंतर नेलेली पुस्तकं आतल्या सिलेक्टने मोजा आणि मोजणी ३ पेक्षा कमी आली तेवढ्याच ओळी ठेवा. एका दिवशी दोन पुस्तकं नेणारे सभासद असतील तर तारखेऐवजी देवघेवीच्या नोंद क्रमांकावर मोजा, नाहीतर तिनाच्या जागी चार ओळी येतील.